दैत्यसूदनाचे मंदिर कोणी बांधले?

लोणार म्हटले की सरोवर आठवते. अशनीच्या आघाताने बेसाल्टच्या कातळात सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर पडले, हे आता शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. परंतु त्याच लोणार गावात माणसाच्या हाताने जे घडविले, त्याकडे तितके लक्ष जात नाही. आम्ही बोलत आहोत ते दैत्यसूदनाच्या मंदिराविषयी.

विष्णूने लवणासुराला मारले, या कथेवरून देवाचे हे नाव पडले. मंदिराचा तळ चांदणीसारखा कोनाकोनांचा आहे. त्यामुळे भिंतीवर ऊनसावलीचे पट्टे पडतात आणि शिल्पांना उठाव येतो. आत मंडप, अंतराळ व गाभारा आहे. छतावरही पुराणकथा कोरल्या आहेत.

अशा मंदिरांना आपण सरसकट हेमाडपंती म्हणतो. हेमाद्री हा देवगिरीच्या महादेव व रामचंद्र या यादव राजांचा मंत्री. त्याचा काळ तेराव्या शतकाचा उत्तरार्ध. पण अंबरनाथच्या शिवमंदिरातील लेखावर शक ९८२, म्हणजे इ. स. १०६० हे साल आहे. हेमाद्रीच्या दोनशे वर्षे आधीच ही विद्या महाराष्ट्रात पक्की झाली होती. नाव मंत्र्याचे झाले. विद्या पाथरवटांची होती.

ती विद्या कोणती? चुन्यावाचून दगडावर दगड बसवायचा. दगडाची तोंडे घासून सांधा जुळवायचा, खाचेत कूस अडकवायची. छत करताना चौकोनाच्या चारही कोपऱ्यांवर तिरप्या शिळा ठेवायच्या, म्हणजे आत लहान चौकोन उरतो. पुन्हा तसेच करीत वर जायचे. वरचा भार खालचा सांधा आवळून धरतो. एकाचा हात चुकला तर सर्वांचे काम ढासळेल, अशी ही सामुदायिक शिस्त होती.

इंग्लंडातील मध्ययुगीन चर्चच्या दगडांवर गवंड्यांनी कोरलेल्या खुणा सापडतात. मजुरीच्या हिशेबासाठी त्यांतील पुष्कळ खुणा केल्या असाव्यात, असे अभ्यासक मानतात. राजा कोण होता हे ताम्रपट सांगतो. कष्ट कोणी केले हे अशी खूणच सांगते.

टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही, असे आपण म्हणतो. या म्हणीत दगड आहे, देव आहे. टाकी धरणारा हात मात्र नाही. कामगारांत वावरलेल्या आम्हांला ही उणीव जाणवते. इतिहास लिहिताना ती भरून काढली पाहिजे. तेव्हा श्रोतेहो, लोणारला गेलात तर सरोवर पाहून लगेच परतू नका. मंडपात घटकाभर उभे राहा आणि वरचे सांधे नीट पाहा.