कॉर्नवॉलमधील बाष्पके आणि इंधनबचतीची जाहीर नोंद

इंग्लंडमधील कॉर्नवॉल येथे तांबे व कथिल यांच्या खाणी होत्या. कोळसा मात्र दक्षिण वेल्समधून जहाजाने आणावा लागे. त्यामुळे पाणी उपसणाऱ्या वाफेच्या इंजिनांचा इंधनखर्च हा तेथील खाणमालकांपुढील मुख्य प्रश्न होता. वॉट यांचे एकस्व 1800 मध्ये संपेपर्यंत बोल्टन-वॉट कंपनी बचतीचा एकतृतीयांश वाटा घेई व प्रतिस्पर्ध्यांना न्यायालयात खेची.

1811 पासून जोएल लीन यांनी निरनिराळ्या इंजिनांची कामगिरी दरमहा छापण्यास प्रारंभ केला. एक बुशेल कोळशात किती पौंड पाणी एक फूट उचलले गेले, हे त्याचे माप होते. 1812 च्या सुमारास ट्रेव्हिथिक यांनी लांब, दंडगोलाकृती बाष्पक (बॉयलर) प्रचारात आणले. त्यात भट्टी आतील नळीतच असे. तप्त वायू नळीतून बाहेर पडल्यावर विटांच्या मार्गाने बाष्पकाच्या तळाशी व बाजूंनी फिरत. वाया जाणारी उष्णता अशी पाण्याला मिळे. पुढे ग्रोस यांनी उष्णतारोधक आवरणाकडे लक्ष दिले. उपाय साधा, परंतु परिणामकारक.

वॉट यांच्या इंजिनाचे माप सुमारे 2 कोटी होते. 1835 मध्ये फॉवी कॉन्सोल्स येथे ते 12.5 कोटींवर गेले. हा आकडा खास चाचणीतील असल्याने नित्याचा मानता येणार नाही. मात्र ट्रेव्हिथिक यांनी या बाष्पकाचे एकस्व घेतले नव्हते आणि शेजारच्या खाणीचे आकडे दरमहा सर्वांसमोर येत होते.