घराचे भाडे, गाडीचे भाडे : तिरुवल्लिकेणीच्या वाहतुकीचा आर्थिक इतिहास

मराठीत घरमालकाला देतो तेही भाडे आणि गाडीवाल्याला देतो तेही भाडेच. भाषेने या दोन खर्चांना एकच नाव दिले हा योगायोग असेल. पण शहराचा इतिहास वाचताना तो फार उपयोगी पडतो. कामाच्या जागेजवळ राहायचे तर घराचे भाडे जास्त. लांब राहायचे तर गाडीचे भाडे जास्त. दोन्ही परवडत नसेल तर पायी चालायचे, म्हणजे वेळ आणि अंग मोजायचे. नोकरदार माणसाचा पगार या तिन्हींत कसा वाटला गेला, हे पाहण्यासाठी या पाठात आपण चेन्नईतील तिरुवल्लिकेणी हा एकच भाग निवडला आहे. इंग्रज त्याला 'ट्रिप्लिकेन' म्हणत आणि जुन्या कागदपत्रांत तुम्हाला तेच नाव सापडेल. मूळ तमिळ नाव तिरु-अल्लि-केणी, म्हणजे कुमुदिनींचे पवित्र तळे.

नबाबाच्या दारापासून कचेरीपर्यंत

पार्थसारथी मंदिराभोवतीचे हे गाव मद्रासपेक्षा कितीतरी जुने आहे. मंदिरात पल्लवकाळातला शिलालेख आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात ईस्ट इंडिया कंपनीने हे गाव गोवळकोंड्याच्या राज्यकर्त्यांकडून घेतले. गावाचा आर्थिक कणा मात्र नंतर घडला. कर्नाटकचा नबाब मुहम्मद अली वालाजाह अर्काट सोडून मद्रासला आला आणि १७६८ मध्ये शेजारच्या चेपॉकला त्याचा राजवाडा उभा राहिला. १७९५ मध्ये वालाजाह मशीद बांधली गेली. दरबार असला की त्याच्या आधाराने मुन्शी, शिपाई, अत्तरवाले, शिंपी, घोडेवाले असे शेकडो संसार चालतात. या सगळ्यांची वस्ती राजवाड्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर होती.

१८५५ च्या ऑक्टोबरात शेवटचा नबाब गुलाम घौस खान वारला. त्याच महिन्याच्या अखेरीस तंजावरचे शेवटचे मराठा राजे शिवाजी हेही वारले. दोघांनाही मुलगा नव्हता आणि डलहौसीच्या राजवटीने दोन्ही गाद्या संपवल्या. तंजावरच्या मराठी भाषकांचा इतिहास वाचताना हे वर्ष तुम्हाला पुन्हा भेटेल. दरबारी चाकरीचे दिवस संपले आणि इंग्रजी शिकून सरकारी नोकरी धरण्याचे दिवस आले, हे दोन्हीकडे सारखेच घडले. चेपॉकचा राजवाडा सरकारने घेतला आणि तिथे सरकारी कचेऱ्या आल्या. मद्रास विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले होते. १८७० मध्ये प्रेसिडेन्सी कॉलेज समुद्रकाठच्या इमारतीत आले आणि त्याच दशकात विद्यापीठाचे सिनेट हाऊसही बांधून झाले.

याचा परिणाम असा झाला की तिरुवल्लिकेणीचा माणूस कामाकडे गेला नाही, कामच त्याच्याजवळ आले. नबाबाच्या चाकरांच्या गल्ल्यांत कारकून, मास्तर, वकिलांचे गुमास्ते आणि विद्यार्थी राहू लागले. वाहन न वापरता नोकरी करता येते, हे या भागाचे खरे भांडवल होते.

तीस रुपयांचा कारकून

एक ओळखीचे उदाहरण घेऊ. गणितज्ञ श्रीनिवास रामानुजन यांना १ मार्च १९१२ रोजी मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये कारकुनाची नोकरी लागली. पगार महिना तीस रुपये. त्याआधी ते तिरुवल्लिकेणीतल्या 'समर हाऊस' नावाच्या घरात इतर तरुणांसोबत राहत होते. बंदराची नोकरी लागल्यावर त्यांनी बंदराजवळच्या जॉर्ज टाऊनमध्ये बिऱ्हाड केले. १९१३ मध्ये मद्रास विद्यापीठाची महिना पंचाहत्तर रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली आणि ते पुन्हा तिरुवल्लिकेणीत राहायला आले. चरित्रकार या घरांकडे गणिताच्या वह्यांच्या संदर्भात पाहतात, आणि ते योग्यच आहे. आपण मात्र त्यांच्याकडे अर्थशास्त्राच्या नजरेने पाहू. तिरुवल्लिकेणी ते बंदर हे अंतर चार-पाच किलोमीटरांचे. पायी गेले तर एका बाजूला सुमारे तास लागतो. कामाची जागा बदलली तसे घर बदलले. त्या काळातल्या कमी पगाराच्या माणसाला हा सर्वांत स्वस्त उपाय होता.

लक्षात घ्या, तेव्हा मद्रासमध्ये ट्राम नव्हती असे नाही. उलट विजेची ट्राम भारतात सर्वांत आधी इथेच धावली, ७ मे १८९५ रोजी. मुंबईत १८७४ पासून ट्राम होती, पण ती घोड्यांची. तिथे विजेची ट्राम १९०७ मध्ये आली. मद्रासची ट्राम बंदराकडून माउंट रोडकडे येई, आणि माउंट रोड ही तिरुवल्लिकेणीची पश्चिमेकडची कड. १९२१ च्या सुमारास शहरात २४ किलोमीटर मार्गावर ९७ डबे होते. सोय दाराशी होती. प्रश्न होता तो रोजच्या तिकिटाचा. दोन वेळचे तिकीट, महिन्याचे पंचवीस-सव्वीस दिवस, तीस रुपयांच्या पगारातून. तुम्ही स्वतः असा हिशेब मांडून पाहा, म्हणजे 'सार्वजनिक वाहतूक उपलब्ध होती' या वाक्याने इतिहासात किती थोडे सांगितले जाते ते कळेल.

तांदळाच्या बाजूने

घरखर्चाला दुसरी बाजू असते ती किराण्याची. १९०४ मध्ये तिरुवल्लिकेणीतल्या चौदा जणांनी ट्रिप्लिकेन अर्बन को-ऑपरेटिव्ह सोसायटी स्थापन केली. हिंदू हायस्कूलचे मुख्याध्यापक व्ही. एस. श्रीनिवास शास्त्री हे तिच्या प्रवर्तकांपैकी होते. पुढे मवाळ राजकारणात त्यांचे नाव गाजले आणि गोखल्यांच्या नंतर भारत सेवक समाजाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, त्यामुळे मराठी वाचकांना ते परके नाहीत. इंग्लंडमध्ये रॉचडेलच्या विणकरांनी १८४४ मध्ये जे केले तेच इथे कारकुनांनी आणि मास्तरांनी केले. एकत्र घाऊक खरेदी करायची, सभासदांना चोख मापाने विकायचे आणि नफा खरेदीच्या प्रमाणात सभासदांतच वाटायचा.

या संस्थेबद्दल पाठ्यपुस्तकांत 'सहकार' या प्रकरणात एक ओळ असते. मला ती वाहतुकीच्या इतिहासातही घालावीशी वाटते. व्यापाऱ्याच्या दुकानात तांदळाच्या दरात शेतापासून गल्लीपर्यंतची वाहतूक आणि प्रत्येक टप्प्यावरचा मध्यस्थ धरलेला असतो. संस्थेने त्यातले काही टप्पे गाळले. शिवाय १९०४ चा सहकारी कायदा पतसंस्थांचाच विचार करून केलेला होता. ग्राहक भांडारासारख्या संस्थांना कायद्याने नीट जागा १९१२ मध्ये मिळाली. म्हणजे इथले लोक कायद्याच्या आठ वर्षे पुढे होते. पगार वाढवून घेणे हातात नव्हते आणि ट्रामचे तिकीट कमी करणेही हातात नव्हते, पण डाळ-तांदळाचा खर्च आवरणे त्यांना शक्य होते. 'टीयूसीएस' ही पाटी आजही चेन्नईच्या शिधावाटप दुकानांवर दिसते.

ट्राम का बुडाली

मद्रासची ट्राम १२ एप्रिल १९५३ रोजी बंद झाली. कंपनी त्याआधीच दिवाळखोरीला आली होती. याचे उत्तर सहसा 'बस आली म्हणून' असे दिले जाते. ते चूक नाही, पण अपुरे आहे. मुंबईतही बस होती, तरी तिथली ट्राम ३१ मार्च १९६४ पर्यंत चालली. फरक मालकीत होता. मुंबईत वीज, ट्राम आणि बस हे सारे 'बेस्ट' या एकाच उपक्रमात होते आणि १९४७ मध्ये तो महापालिकेकडे आला. विजेच्या उत्पन्नातून वाहतुकीचा तोटा भरून काढण्याची सोय तिथे अनेक दशके होती. मद्रासची ट्राम कंपनी खासगी होती. तिकिटावर जगायचे, नाहीतर बंद व्हायचे. दुसऱ्या महायुद्धानंतर पगार, सुटे भाग, रुळांची देखभाल सगळेच महागले. तिकीट वाढवावे तर प्रवासी तोच तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या कारकुनाचा मुलगा. दुसरीकडे १९४७ च्या सुमारास मद्रास सरकारने शहरातली बससेवा आपल्या हाती घ्यायला सुरुवात केली होती. सरकारी बसच्या तोट्यामागे तिजोरी उभी असते. ट्राम कंपनीच्या मागे कोणी नव्हते.

तिरुवल्लिकेणीने या काळात स्वतःचा वेगळा मार्ग काढला, तो म्हणजे 'मॅन्शन'. नावावरून मोठा वाडा डोळ्यांसमोर येतो, पण ही एकट्या पुरुषांसाठीची भाड्याच्या खोल्यांची इमारत असते. लांब व्हरांडा, ओळीने खोल्या, एका खोलीत दोघे-तिघे, खाली किंवा शेजारी मेस. मुंबईच्या गिरणगावातली गाळ्याची खोली आणि खानावळ तुम्हाला माहीत असेल, तर हे चित्र लगेच लक्षात येईल. कोकणातला चाकरमानी गिरणीपासून चालत जाता येईल अशी खोली दहा-पंधरा जणांत वाटून घेई. तंजावर, मदुरै, तिरुनेलवेलीकडून आलेला तरुण तेच गणित कचेरीसाठी मांडत असे. खोली लहान, पण माउंट रोड, चेपॉकच्या कचेऱ्या, विद्यापीठ सगळे पायाखाली. गाडीचे भाडे वाचवून ते घराच्या भाड्यात घातलेले.

कालव्यावरची रेल्वे

तिरुवल्लिकेणी आणि समुद्रकिनारा यांच्या मधून बकिंगहॅम कालवा जातो. त्याचा शहरातला, कूवम आणि अड्यार नद्यांना जोडणारा तुकडा १८७७-७८ च्या भीषण दुष्काळात रोजगार देण्यासाठी खणला गेला. गव्हर्नर ड्यूक ऑफ बकिंगहॅम यांचे नाव त्याला मिळाले. आंध्र किनाऱ्याकडून मीठ, जळाऊ लाकूड, धान्य होड्यांनी शहरात येई. वाहतुकीचे साधन आणि दुष्काळग्रस्तांची मजुरी या दोन्ही गोष्टी एकाच खोदकामातून निघाल्या. पुढे रेल्वे आणि लॉरीने माल पळवला. १९६५ आणि १९६६ च्या चक्रीवादळांनी कालव्याची हानी केली आणि शहरातला भाग हळूहळू सांडपाण्याचा नाला झाला.

१९८३ मध्ये मंजूर झालेली उन्नत रेल्वे, म्हणजे एमआरटीएस, याच कालव्याच्या अंगावर बांधली गेली. कारण उघड होते. दाट वस्तीत जमीन घेणे महाग, कालवा सरकारी आणि रिकामा. बीच ते चेपॉक हा टप्पा १ नोव्हेंबर १९९५ रोजी सुरू झाला आणि १९९७ मध्ये गाडी तिरुवल्लिकेणीवरून तिरुमयिलैपर्यंत पोचली. सुमारे साडेआठ किलोमीटरांना चौदा वर्षे लागली आणि खर्च सुमारे २६९ कोटी रुपये झाला. प्रवासी मात्र अपेक्षेपेक्षा फारच कमी आले. नकाशा उघडून पाहा. तिरुवल्लिकेणीची दुकाने, मॅन्शन, बसथांबे ट्रिप्लिकेन हाय रोडच्या, म्हणजे आजच्या काइदे मिल्लत सालैच्या बाजूला आहेत. स्थानक मात्र वस्तीच्या मागच्या दाराशी, कालव्यावर, उंच जिन्यांच्या वर. जमिनीचा खर्च सरकारने वाचवला आणि तो प्रवाशाच्या पायांवर घातला. दुसरीकडे कालव्यात उभ्या केलेल्या खांबांनी पाण्याची वाट अरुंद केली. पावसाळ्यात तुंबणाऱ्या पाण्याची किंमतही काठावरच्या झोपडपट्टीनेच मोजली. प्रकल्पाच्या ताळेबंदात हे दोन्ही खर्च दिसत नाहीत. म्हणून आर्थिक इतिहास लिहिणाऱ्याने ताळेबंदावर थांबू नये, असे माझे मत आहे.

तरीही ज्यांना ही गाडी सोयीची होती त्यांच्यासाठी ती बससेवेपेक्षा स्वस्त आणि वेगवान ठरली होती. हे किती खरे होते ते ती बंद पडल्यावर कळले. बीच ते एग्मोर चौथ्या मार्गाच्या कामासाठी २७ ऑगस्ट २०२३ पासून बीच ते चिंताद्रिपेट हा भाग बंद झाला. सात महिन्यांचे काम म्हणून सांगितले गेले. सेवा पूर्ववत झाली २९ ऑक्टोबर २०२४ रोजी. चौदा महिने तिरुवल्लिकेणीहून बंदराकडे, फोर्टकडे जाणाऱ्याला चिंताद्रिपेटला उतरून बस किंवा शेअर ऑटो धरावी लागे. एका तिकिटाच्या जागी दोन झाली.

या गैरसोयीचा भार सगळ्यांवर सारखा पडला नाही. मे २०२१ पासून तमिळनाडूत साध्या शहर बसमध्ये स्त्रियांना तिकीट नाही. राज्य नियोजन आयोगाच्या पाहणीनुसार या योजनेतून एका स्त्रीची महिन्याला सरासरी ८८८ रुपये बचत होते. तेव्हा चिंताद्रिपेटला उतरलेली, कचेरीत झाडलोट करणारी बाई साध्या बसची वाट पाहत थांबू शकत होती. तिच्यासोबत उतरलेला मॅन्शनमधला तरुण शेअर ऑटोचे पैसे देई किंवा चालू लागे. तिकिटाची जी रक्कम बाईने दिली नाही ती राज्य सरकार परिवहन महामंडळाला भरून देते. १९५३ मध्ये ट्राम कंपनीला असे भरून देणारे कोणी नव्हते.