पाच घरांचा घास

दत्तक्षेत्र गाणगापूरची मधुकरी, म्हणजे पाच घरी झोळी फिरवून मागितलेली भिक्षा, हे भुकेल्यांसाठी केलेलं अन्नदान आहे, असं सर्रास समजलं जातं. पण तिथे झोळी पुढे करणाऱ्यांत घरी कशाची ददात नसलेली माणसंही असतात. भूक हे कारण त्यांना लागू पडत नाही. मला ही रीत मिंधेपणातून सुटण्याची वाटते. एकाच घरी पोटभर जेवलं की त्या घरचे उपकार डोक्यावर बसतात. पाच दारांतून पोळीचा एकेक तुकडा, भाताचा एकेक घास घेतला की कुणाचाच हक्क आपल्यावर राहत नाही. फुलाफुलातून थोडं थोडं घेणाऱ्या मधमाशीवरून पडलेलं ‘मधुकरी’ हे नावही तेच सांगतं. दिलेल्या वस्तूबरोबर परतफेडीचं ओझंही येतं, हे फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मोसने 1925 च्या निबंधात जगभरचे दाखले देऊन मांडलं. गुरुचरित्र या दत्तसंप्रदायाच्या ग्रंथाला त्याची जाण कितीतरी आधीपासून आहे. छत्तिसाव्या अध्यायातला वेदज्ञ ब्राह्मण कोरान्न, म्हणजे न शिजवलेलं धान्य, मागून जगतो, पण परान्नाला, म्हणजे दुसऱ्याच्या घरच्या जेवणाला, शिवत नाही. बायकोला मात्र मेजवानीची ओढ. गाणगापूरचे गुरू श्रीनृसिंह सरस्वती यांच्या सांगण्यावरून तो तिच्यासोबत जातो, आणि पंगतीत कुत्री-डुकरं आपल्याबरोबर जेवताना तिला दिसतात. भिक्षा चालते, पंगत चालत नाही. ग्रंथाने इथे रेघ स्पष्ट ओढली आहे.

यावर कुणी म्हणेल, आता सगळा पैशाचा व्यवहार झाला. यात्रेकरू पुजाऱ्याकडे रक्कम देतो, स्वयंपाक तिथे होतो. खरं आहे. पुजाऱ्याचं घर आणि यजमानाचं, म्हणजे यात्रेकरूचं, कुटुंब यांचं नातं पिढ्यान्‌पिढ्यांचं; आजोबा जिथे उतरले तिथेच नातू उतरतो. हिशेब, दक्षिणा, लग्नामुंजीची चौकशी, सगळं त्या नात्यात चालतं. पण एका यजमानाच्या पैशातून शिजलेला भात दुसऱ्याच कुणाच्या झोळीत पडतो आणि दोघं एकमेकांना ओळखतही नाहीत. पैसा मोजला जातो तो स्वयंपाकघरापर्यंत; उंबऱ्यावर मोजदाद संपते. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. गुरुचरित्र जातीचे आणि स्त्रियांचे नियम कडकपणे सांगतं, ते झाकून या रीतीचा गौरव करता येणार नाही. तरीही हेच गुरू रोज मध्यान्ही भिक्षेला येतात या श्रद्धेने दारातल्या अनोळखी माणसाला नाव-गाव न विचारता वाढायला लावलं. ग्रंथाच्या नियमांपेक्षा ही श्रद्धा मला मोठी वाटते.

आणि हे सगळं कन्नड मुलखात, भीमा-अमरजेच्या संगमाजवळ, मराठी ओव्यांच्या आधारावर चालतं. त्या ओव्या रचणाऱ्या सरस्वती गंगाधरांनी आपल्याला मराठी येत नसल्याचं पहिल्याच अध्यायात सांगून ठेवलं आहे.