उघड्या पानाची कुळकथा

वाटता वाटता एखादं पान हातातून निसटतं आणि उताणं पडतं. बदामचा राजा सगळ्यांना दिसतो, वाटणारा थबकतो. "दिसलं ना बे, पुन्हा पीस!" एकजण ओरडतो. ज्याच्या वाट्याला तो राजा जायचा असतो, तो म्हणतो, "काही नाही होत, चालू दे." वर्ध्याला खेटून असलेल्या बोरगाव मेघेत काय किंवा विदर्भातल्या दुसऱ्या कुठल्या गावात काय, पोळ्याच्या दिवसांत डाव बसला की हा वाद ठरलेलाच. पैसे लावले तर पोलीसही येतात आणि त्यांच्या कागदावर याच पत्त्यांचे '५२ तासपत्ते' होतात. पण पैसे नसले तरी भांडण तेवढंच कडाक्याचं होतं.

या भांडणाचा छापील निकाल निदान पावणेतीनशे वर्षं जुना आहे. लंडनच्या एडमंड हॉइलने १७४२ साली व्हिस्ट या खेळावर छोटेखानी पुस्तक काढलं. त्याच्या नियमांत एक कलम असं, की वाटताना पान उघडं पडलं तर फेरवाटणी मागायची की नाही, हे समोरच्या पक्षाने ठरवावं. मात्र त्या पक्षातल्याच कुणामुळे पान उलटलं असेल, तर निवड वाटणाऱ्याची. म्हणजे पान कोणतं पडलं, राजा की दुर्री, हा प्रश्नच नाही. कुणाच्या हातून पडलं, एवढंच विचारायचं. ज्याची चूक त्याला तिचा फायदा मिळू नये, हे उघड्या पानाच्या कायद्याचं मूळ. पुढे फुटलेल्या साऱ्या फांद्या याच मुळातून निघाल्या.

आपला मेंढीकोट व्हिस्टच्याच घडणीचा. चौघे, समोरासमोर भिडू, हात करायचे आणि चार दश्श्या पकडायच्या. बंद हुकमाच्या मेंढीकोटात तर एक पान मुद्दाम पालथं ठेवतात. मागितलेला रंग ज्याच्याकडे नाही, त्याने हुकूम विचारला की मगच ते उलटायचं. इथे उघडं पान धोक्याचं असतं ते भिडूमुळे. माझ्या हातातली दश्शी 'चुकून' दिसली तर समोर बसलेला माझा भिडू सावध होतो. म्हणून व्हिस्टमध्ये खेळणाऱ्याचं, आणि पुढे ब्रिजमध्ये बचाव करणाऱ्या पक्षाचं, उघडं पडलेलं पान टेबलावरच राहतं आणि ते केव्हा टाकायचं यावर विरोधकांचा अधिकार चालतो.

तीनपत्तीचं कुळ वेगळं. ती इंग्रजांच्या 'ब्रॅग'ची लेक. हॉइलने १७५१ साली ब्रॅगवरही पुस्तक लिहिलं होतं. इथे भिडू नाही, ज्याचा त्याचा हात. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण इथे शब्दशः खरी ठरते. म्हणून पान उघडण्याला तीनपत्तीत चक्क दाम लावलेला आहे. दोघेच उरल्यावर 'शो' मागायचा तर पैसे टाकून मागायचा. साइड शो मागितला आणि शेजाऱ्याने मानला, तर दोघांनीच गुपचूप पाहायचं. पानं सारखी निघाली तर मागणाऱ्याने पॅक व्हायचं. जुन्या रीतीत तर पानं पाहिलेल्याला ब्लाइंड खेळणाऱ्याकडे शो मागताच येत नाही. थोडक्यात, उघडायला लावणाऱ्याने किंमत मोजायची.

हे सगळं शक्य व्हायला पानाची पाठही निमूट असावी लागते. युरोपात पूर्वी पत्त्यांच्या पाठी कोऱ्या पांढऱ्या असत. डाग पडला की तरबेज डोळा पाठीवरूनच पान ओळखी. लंडनच्या टॉमस दे ला रू याने १८३१ साली पत्ते छापण्याचं पेटंट घेतलं आणि एकसारख्या नक्षीच्या पाठी सर्रास झाल्या. आपल्याकडे सावंतवाडीची गंजिफा गोल, लाखेची, एकरंगी पाठीची. दशावतारी गंजिफेत १२० पानं. तिची सुरुवातच मुळी उघडण्याने होते. दिवसा डाव असेल तर रामाचा राजा, रात्री असेल तर कृष्णाचा राजा ज्याच्याकडे असेल, त्याने आधी खेळायचं. तिथे पहिलंच पान सगळ्यांसमोर मांडणं हा दोष नव्हे, मान आहे.

उघड्या पानाचा सर्वांत बारीक काथ्याकूट केला तो पोकरने. अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीवरच्या आगबोटींवर वाढलेला हा खेळ आता गोव्यात मांडवीवरच्या कॅसिनोतही चालतो. टेक्सास होल्डेममध्ये वाटपाचं अगदी पहिलं किंवा दुसरंच पान वाटणाऱ्याकडून उघडं पडलं तर वाटणी रद्द. त्यानंतरचं एखादं पडलं तर वाटणी पुरी करायची, त्या खेळाडूला वरचं पान बदली द्यायचं आणि उघडं पान 'बर्न' म्हणून बाजूला सारायचं. दोन पानं उघडी पडली की पुन्हा पिसा. खेळाडूने स्वतःच पान दाखवलं तर मात्र बदली नाही, ते त्याच्याच गळ्यात. बोली पुरी व्हायच्या आत वाटणाऱ्याने टेबलाच्या मधल्या, सर्वांच्या सामाईक पानांतलं चौथं पान उलटलं तर निकाल आणखी मजेदार. ते पान बाजूला ठेवतात, बोली संपली की पुढचं पान त्या जागी लावतात आणि मग आधीचं पान गड्डीत मिसळून, पिसून, शेवटचं पान काढतात. त्या पानाला अजून एक संधी मिळते. पान दिसलं ते वाटणाऱ्याच्या चुकीने, तेव्हा खेळणाऱ्यांचं नशीब कायमचं का हिरावायचं, हा त्यामागचा विचार. शिवाय एकाला दाखवलं तर सर्वांना दाखवा, हा पोकरचा दंडक. गावोगावचे असे नियम एका धाग्यात ओवायला स्पर्धा चालवणाऱ्यांनी २००१ साली आपली संघटनाही काढली.

आपल्या न्यायालयातही उघड्या पानाचा विषय वळसा घेऊन आलाच. सिकंदराबादच्या एका क्लबवरच्या धाडीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवलं. निकाल लिहिला न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी, जे आधी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते. पडलेली पानं लक्षात ठेवणं, कोणतं धरायचं आणि कोणतं टाकायचं हे ठरवणं, यात अक्कल लागते, असं त्यांनी म्हटलं. फ्लश, ब्रॅग अशा नावांनी चालणारा तीन पानांचा खेळ मात्र निव्वळ नशिबाचा ठरला. रमीत उघडं पान हीच माहिती आणि ती सर्वांना सारखी मिळते. तीनपत्तीत सरळ मार्गाने काहीच दिसत नाही, म्हणून चुकून दिसलेलं एक पानही डाव नासवायला पुरतं.

तेव्हा यंदा पोळ्याला पत्ते काढाल तेव्हा पैसे खिशातच ठेवा आणि पिसण्याआधी तीन गोष्टी ठरवून घ्या. वाटणाऱ्याच्या हातून पडलं तर काय, स्वतःच्या हातून पडलं तर काय, आणि एकालाच दिसलं तर काय. पान पडल्यावर ठरवलेला नियम हा नियम नसतो, सोय असते.