निवडुंगाच्या माळावरची फुले

स्मरणिकेसाठी आठवणी लिहून पाठवा, असा संपादक मंडळाचा निरोप आला. आठवणी बाकीचे लिहितीलच. मी जन्मभर इतिहास शिकवला, तेव्हा आपल्या वाडीच्या फुलांचा इतिहास लिहावा असे मनात आले. त्याला निमित्तही घडले. मेळाव्याच्या बैठकीत शाळेला कमान द्यायची की बाग, यावर आपल्यात जुंपली. "बाग काय, दोन पावसाळ्यांत नाहीशी होते," असे आपलाच एक मित्र म्हणाला आणि मला तिथल्या तिथे उत्तर सुचले नाही. वर्गात पोरांना गप्प करणारा मी, त्या दिवशी चहा पीत बसलो.

किर्लोस्करवाडी १९१० साली माळावर वसली, हे आपण पहिलीपासून ऐकत आलो. माळ म्हणजे काय, याचा मात्र आपण कधी विचार केला नाही. बेळगावला ठळकवाडीत लक्ष्मणराव किर्लोस्करांचा नांगरांचा कारखाना होता. नगरपालिकेला उपनगरासाठी ती जागा हवी होती, म्हणून त्यांना उठावे लागले. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना कुंडल रोड स्टेशनाजवळ ३२ एकर जमीन देऊ केली. जमीन कसली, निवडुंगाचे रान आणि त्यात नाग. पर्जन्यछायेचा हा मुलूख, पाण्याची वानवा. सुमारे पंचवीस कामगार आणि त्यांची बायकापोरे यांना घेऊन लक्ष्मणराव तिथे उतरले.

फड्या निवडुंग ज्याने काढला आहे त्यालाच त्याची जात कळते. तोडलेला फड जमिनीवर पडला की तिथेच मुळे धरतो. एकाचे चार होतात. बारीक कुसळे हाताला लागली तर दोन-दोन दिवस निघत नाहीत. दक्षिण हिंदुस्थानात निवडुंग खाणारा कोचिनील जातीचा किडा सोडण्यात आला तो १९२६ मध्ये, आणि त्याने पुढे रानेच्या राने साफ केली. १९१० मध्ये वाडीच्या माणसांजवळ कुदळ, कोयता आणि आपले हात एवढेच होते. तोडायचे, ओढत न्यायचे, जाळायचे किंवा पुरायचे, आणि पावसानंतर पुन्हा तेच. नांगर करणाऱ्यांच्या गावाची पहिली मशागत अशी झाली.

त्या मंडळींत इंजिनिअरची पदवी घेतलेला एकही नव्हता. वसाहतीची आखणी आणि कारभार रामूअण्णांकडे, हिशेब मंगेशराव रेग्यांकडे, कारखान्यात शंभूराव जांभेकर आणि शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर. इंग्लंडात कॅडबरींनी बोर्नव्हिल येथे बागेसकट घरे बांधायला १८९५ च्या सुमारास सुरुवात केली होती. पण त्यांचा कारखाना तेव्हा चांगला जम बसलेला होता. आपल्याकडे कारखाना आणि गाव एकाच वेळी उभे राहत होते. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव तेव्हा सात वर्षांचे. त्यांनी पुढे आत्मचरित्राला 'कॅक्टस अँड रोझेस' हे नाव दिले. निवडुंग गेला आणि गुलाब आले, ही गोष्ट त्या मुलाने डोळ्यांनी पाहिली होती.

मला स्वतःला एका गोष्टीचे फार नवल वाटते. लक्ष्मणरावांना मुळात चित्रकार व्हायचे होते. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दोन वर्षे काढल्यावर त्यांना कळले, की आपल्याला काही रंग ओळखता येत नाहीत. चित्रकला सुटली, ते यंत्रांच्या ड्रॉइंगकडे वळले आणि व्हीजेटीआयमध्ये ते शिकवू लागले. पानांतला लाल गुलाब त्यांना कसा दिसत असेल? ज्याला रंग पुरते दिसत नाहीत, त्याच्या गावाची ओळख फुलांनी व्हावी! शाळेत हे कुणी सांगितले असते तर सनावळ्यांपेक्षा चांगले लक्षात राहिले असते. (यात माझाही दोष आहेच. मीही माझ्या विद्यार्थ्यांना सनावळ्याच दिल्या.)

याच माणसाने वाडीत अस्पृश्यता पाळायला बंदी केली आणि शिक्षा झालेल्या माणसांना रात्रीच्या पहाऱ्यावर नेमले. ज्याच्या हाती राखण, त्याच्यावरच विश्वास. माझा तर्क असा, की घरापुढची बागही त्याच हिशेबातली. इथे बाजारपेठ नव्हती, नाटक-तमाशा नव्हता. चांगला कारागीर टिकायचा तर त्याला ही जागा आपली वाटली पाहिजे. पगार दुसरीकडेही मिळतो. आपण लावलेली जाई सोडून जायला मात्र जीव होत नाही.

आमच्या क्वार्टरपुढे आईची जाई होती, आणि मोरीच्या पाण्यावर कर्दळ आणि अळू. भांडी घासायला ती राख वापरायची. साबणाचे पाणी झाडांना जाऊ द्यायची नाही. एप्रिलमध्ये नळ आटला की शेजारच्या काकू आणि आई आलटून पालटून एकमेकींच्या झाडांना बादली घालत. दोघींचे भांडण चालू असले तरी बादली चुकली नाही.

आता कबुली. आठवीत असताना शाळेच्या वाफ्यातला गुलाब मी तोडला होता. कुणासाठी, ते इथे लिहीत नाही. ती व्यक्ती ही स्मरणिका वाचणार आहे. बाईंनी छडी उगारली नाही. "महिनाभर या वाफ्याला पाणी तू घालायचंस," एवढेच म्हणाल्या. पहिला आठवडा रागात गेला. तिसऱ्या आठवड्यात एका दुसऱ्या पोराने कळीला हात लावला, तेव्हा मी त्याच्या अंगावर धावून गेलो. महिना संपल्याचे मला कळलेही नाही. मी दहावीपर्यंत पाणी घालत होतो.

मित्राला आता उत्तर देतो. दोन पावसाळ्यांत जाते ती समारंभात लावलेली बाग. फोटो निघतात, हार पडतात, आणि मार्चमध्ये तिला पाणी घालणारा कुणी नसतो. मग तिथे गवत येते, आणि आपल्या माळावर तर निवडुंगही यायला वेळ लागत नाही.

कमानीला माझा विरोध नाही. वर्गणीही दिली आहे. फक्त कमानीच्या दोन्ही अंगांना चार-चार हात माती मोकळी ठेवावी, फरशी घालू नये, आणि एक-एक वाफा एकेका वर्गाच्या नावावर करावा, असे समितीला लेखी कळवले आहे. नळ जवळ हवा, या वाक्याखाली दोनदा रेघ मारली आहे.