आणेवारी

रुपयाचे शंभर पैसे झाले 1957 साली, पण माझे आजोबा शेवटपर्यंत पीक आण्यांतच मोजत. दिवाळीच्या सुमारास तलाठी गावात आला की त्यांचा पहिला प्रश्न, “आवंदा आणेवारी किती लावली?” सोळा आणे म्हणजे भरघोस पीक, आठ म्हणजे निम्मं. कागदावर आता ‘पैसेवारी’ असा शब्द आहे आणि पन्नास पैशांची रेघ आहे. म्हणजे तेच आठ आणे.

आपत्ती आली की सरकारने शेतकऱ्याला पैसे द्यावेत, ही कल्पना तशी अलीकडची. आधी होती ती ‘आपले पैसे आत्ता न मागण्याची’ सवलत. 1876-78च्या दुष्काळानंतर स्ट्रॅची यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने 1880 साली अहवाल दिला, त्यातून प्रांतोप्रांती दुष्काळसंहिता आल्या. खडी फोडायला कामं, अपंगांना शिधा, आणि शेतसाऱ्याला तहकुबी किंवा सूट. खेडा जिल्ह्यात 1918 साली गांधींनी सत्याग्रह केला तो या तहकुबीवरूनच. पीक चार आणे किंवा कमी असेल तर वर्षाचा सारा तहकूब, असा सरकारचाच नियम होता. लोक म्हणत पीक त्याहून कमी आहे, अधिकारी म्हणत जास्त आहे. भांडण नियमाचं नव्हतंच. पीक कोणाच्या डोळ्यांनी बघायचं, याचं होतं.

त्याआधी, 1896-97च्या दुष्काळात, टिळकांनी आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने वेगळीच गोष्ट केली. इंग्रजीत पडून असलेली दुष्काळसंहिता मराठीत गावोगाव नेली आणि ‘हा तुमचा हक्क आहे, मागा’ असं सांगितलं. सरकारला बंडापेक्षा हे जास्त झोंबलं असावं. 1897 साली त्यांनी सभेची मान्यताच काढून घेतली.

दुसरी वाट तगाईची. मूळ शब्द तकावी, त्यात ‘बळ देणं’ हा अर्थ आहे. आपली ‘कुवत’ही त्याच घरातली. पेशवाईतही तगाई मिळे. इंग्रजांनी 1883 आणि 1884 साली कायदे करून तिला चौकटीत बसवलं: विहिरीसाठी, बी-बियाणांसाठी, बैलासाठी. पण ते कर्ज होतं. आजोबांनी 1972नंतर बैलासाठी तगाई घेतली होती. बैल मेला तरी हप्ते चालूच होते. त्यांच्या पावत्या ट्रंकेत नीट घडी घालून ठेवलेल्या मला सापडल्या.

आज पन्नास पैशांखालच्या गावाला काय मिळतं, ती यादी वाचली की आयोगाचा काळ आठवतो. जमीन महसुलात सूट, कर्जवसुलीला स्थगिती, कर्जाचं पुनर्गठन, पंपाच्या वीजबिलात 33.5 टक्के सवलत, मुलांची परीक्षा फी माफ. बहुतेक ‘न मागणं’च. रोख मदतीचे निकष वेगळे. 2015पासून तिथे 33 टक्के नुकसानीची अट आहे, त्याआधी ती 50 टक्के होती. 2022च्या केंद्रीय दरांप्रमाणे जिरायतीला हेक्टरी 8500 रुपये, दोन हेक्टरपर्यंत. एकराचा हिशेब केला तर 3400.

2016च्या केंद्रीय संहितेने दुष्काळ ठरवायला पाऊस, जमिनीतली ओल आणि उपग्रहातून दिसणारी हिरवळ आणली. 2018 साली महाराष्ट्रातल्या 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला तो याच पद्धतीने. नजरअंदाजापेक्षा हे बरं, यात मला शंका नाही. तरी उपग्रहाला तूर आणि तण दोन्ही हिरवंच दिसतं, असं आमच्याकडे म्हणतात. त्यात थोडी अतिशयोक्ती असेल.

एका वर्षी आमच्या गावाची पैसेवारी पन्नासच्या जरा वर गेली. ओढ्याकाठच्या दहा-बारा शेतांत ज्वारी उभी होती, माळावर काहीच नव्हतं. सरासरीने माळ बुडवला. माळावरची जमीन आमची, पण कसत होता बटाईदार. सातबारावर त्याचं नाव नाही, त्यामुळे पैसेवारी तीस लागली असती तरी जे काही आलं असतं ते आमच्याच नावावर आलं असतं. आजोबांनी त्या वर्षी त्याच्याकडून वाटा घेतला नाही. दोघांनी मिळून त्याला ‘तहकुबी’ म्हटलं होतं, सूट नव्हे. आणि पुढच्या सुगीला तो अर्धं पोतं ज्वारी घेऊन आला.