दोन मिनिटांचे गिऱ्हाईक

मुंबई-नागपूर लोहमार्गावरच्या बहुतेक जलद गाड्या शेगावला दोन-तीन मिनिटे थांबतात. तेवढ्यात डब्यातल्या माणसाने खिडकीतून विक्रेता हेरायचा, घ्यावे की नको ते ठरवायचे, खिशातून पैसे काढायचे, मोड परत घ्यायची आणि पुडा आत ओढायचा. इतकी घाई बाजारातल्या कुठल्याही दुकानदाराच्या वाट्याला येत नाही. तरी बुलढाणा जिल्ह्यातल्या या स्थानकावरची कचोरी पाऊण शतक खपते आहे, आणि शेगावला कधी उतरलेही नाहीत अशा माणसांना ती नावानिशी ठाऊक आहे. याचे श्रेय कोणी गजानन महाराजांच्या भक्तांच्या गर्दीला देतात, कोणी चवीला. दोन्हींत तथ्य आहे. पण माझ्या मते कचोरीला गिऱ्हाईक मिळवून दिले ते त्या दोन मिनिटांनी. घेणाऱ्याला क्षणभरही अडखळायला लावील असे त्या पदार्थात काही उरलेच नाही.

रेल्वे येण्यापूर्वी या भागातला खाऊ विकणारा आठवडी बाजार आणि जत्रा धरून फिरत असे. देऊळगाव राजाची बालाजीची यात्रा हे त्यातले मोठे ठिकाण. जत्रेतल्या गिऱ्हाइकाला वेळच वेळ असतो. ते एका पालासमोरून चार वेळा जाते, भाव विचारते, पोरांच्या हट्टापुढे नमते. विक्रेत्याजवळही मग सगळी हत्यारे असतात: समोर पेटलेली भट्टी, तेलाचा वास, रचलेली रास, तोंडची बडबड. १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे नागपूरपर्यंत पोचली आणि तीन वर्षांत जलंबहून खामगावला फाटा निघाला. हे लोखंड टाकले गेले ते वऱ्हाडच्या कापसासाठी. शेगावही तेव्हा सरकी काढण्याच्या आणि गाठी बांधण्याच्या कारखान्यांचे गाव म्हणून ओळखले जाई. पण कापसाबरोबर माणसेही या मार्गाने जाऊ लागली आणि खाऊवाल्यापुढे अगदी नव्या जातीचे गिऱ्हाईक उभे राहिले. ते जागचे हलत नव्हते, समोरून मात्र निघून जात होते. जत्रेतली हत्यारे इथे बोथट ठरली. पेटलेली भट्टी फलाटावर फिरवता येत नाही आणि बडबड ऐकायला कोणी थांबत नाही.

शिवाय या गिऱ्हाइकाच्या मांडीवर शिदोरी होती. फलाटावरच्या विक्रेत्याचा खरा प्रतिस्पर्धी शेजारचा विक्रेता नव्हता, घरून बांधून आणलेले फडके होते. दुधात पीठ भिजवून केलेल्या दशम्या प्रवासात चालत, कारण पाण्यात भिजवलेल्या भाकरीइतका विटाळ त्यांना मानत नसत. स्थानकांवर हिंदू पाणी आणि मुसलमान पाणी वेगळे मिळण्याचा तो काळ. परक्या हातचे काय चालते याचे गणित प्रत्येकाच्या डोक्यात पक्के होते, आणि त्यात तळलेल्या जिनसांना पाण्यात शिजवलेल्या अन्नापेक्षा अधिक मोकळीक होती. देशभर फलाटांवर पुरी, भजी, वडा, कचोरी यांचेच राज्य का झाले, याचे एक उत्तर इथे सापडते. टिकाऊपणा हे दुसरे. चहाला मात्र असा जुना आधार नव्हता. म्हणून चहाच्या धंद्याला गिऱ्हाईक अक्षरशः घडवावे लागले. १९०३ च्या कायद्याने चहावर कर बसला आणि त्या पैशातून प्रचार सुरू झाला. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ठेकेदारांना किटल्या, पेले, पुड्या देऊन रेल्वे स्थानकांवर चहा पाजला जाऊ लागला. पुढे चहा कसा करावा हे सांगणारे रंगीत फलकही लागले. ठेकेदार दूध-साखर फार घालतात अशी प्रचारकांची तक्रार होती. लोकांना मात्र तोच चहा आवडला. फुकट नमुने, फलक, पाठीशी सरकारी कर, एवढी जमवाजमव चहासाठी झाली. कचोरीसाठी यातले काहीच झाले नाही.

फाळणीनंतर पंजाबातून शेगावला आलेल्या तीरथराम करमचंद शर्मा यांनी १९५० च्या सुमारास स्थानकावरच्या उपाहारगृहात कचोरी विकायला सुरुवात केली. कचोरी ही काही त्यांनी शोधलेली वस्तू नव्हे. ती उत्तरेत सर्वत्र आहे. पण तिकडची कचोरी बहुतेक ठिकाणी बसून खायची. वर आमटीसारखी भाजी किंवा दही, चिंचेची चटणी, खाली पत्रावळ किंवा बशी. शेगावची कचोरी त्या मानाने लहान आणि कोरडी. मैद्याची पारी, आत डाळीचे झणझणीत सारण, सोबत तळून मीठ लावलेली हिरवी मिरची. एकेका गुणाकडे पाहा. बशी नाही, म्हणजे ती परत करण्याची भानगड नाही. ओघळ नाही, म्हणजे खिडकीच्या गजांतून आत घेताना कपडे खराब होत नाहीत. सारण कोरडे, म्हणून गाडी तासभर उशिरा आली तरी घाणा वाया जात नाही आणि निवलेली कचोरीही खाता येते. नग मोजून घ्यायची, त्यामुळे तराजू नको, घासाघीस नको. मिरची तर जागच्या जागी तोंडीलावणे पुरवते, आणि वऱ्हाडी जिभेला तिखटाची ओळख करून द्यावी लागत नाही. हे सारे आधी योजून केले, असे मी म्हणत नाही. गाडीमागून गाडी जाताना जे अडते ते सुटत जाते आणि जे खपते ते उरते. फलाट हा या बाबतीत फार निर्दय परीक्षक.

यावर कोणी म्हणेल, रेल्वेतला प्रवासी अडलेला असतो, भूक लागली की समोर येईल ते घेतो. त्याला खेचायचे कशाला? हा आक्षेप पोकळ नाही. गांधीजींनी १९१७ मध्ये तिसऱ्या वर्गाच्या प्रवासाबद्दल लिहिले. त्यात स्थानकांवरच्या खाण्याची आणि चहाची घाण त्यांनी सविस्तर सांगितली आहे, आणि तरीही लोक ते घेत होते. पण अडलेले गिऱ्हाईक सर्वत्र सारखे अडलेले नसते. कर्जतला घाट चढण्यापूर्वी मागून इंजिन जोडण्यासाठी गाड्यांना थांबावेच लागे. तिथल्या दिवाडकरांच्या वड्याला तो सक्तीचा अवकाश मिळाला. वडा उत्तमच, पण थांबाही उदार. शेगावला घाट नाही, इंजिन बदलत नाही. एका बाजूला सुमारे ३७ किलोमीटरवर अकोला, दुसऱ्या बाजूला शंभरेक किलोमीटरवर भुसावळ, दोन्ही मोठी स्थानके, दोन्हीकडे जेवणाखाण्याची सोय. म्हणजे शेगावचा प्रवासी थोडी कळ काढू शकतो. अकोल्याला घेऊ, असे म्हणायची मुभा असलेल्या माणसाने शेगावलाच हात बाहेर काढावा, याचा खुलासा नुसत्या भुकेने होत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. शेगाव म्हणजे गजानन महाराज. ते १८७८ मध्ये इथे प्रकटले, १९१० मध्ये समाधिस्थ झाले, आणि तेव्हापासून माणसांचा ओघ वाढतच गेला. भक्त नसते तर इतक्या जलद गाड्या इथे थांबल्याही नसत्या, हे मान्य करायलाच हवे. त्या अर्थाने ती दोन मिनिटे महाराजांनीच मिळवून दिली. पण भक्त इथे उतरतो, संस्थानात महाप्रसाद घेतो, आणि त्याच्याजवळ वेळ असतो. देवस्थानच्या गावांत उतरणाऱ्याच्या वेळेवर वाढलेले पदार्थ आपल्याला माहीत आहेत: पेढे, चिरमुरे, बत्तासे. ते घरी न्यायचे, वाटायचे, त्यांना प्रसादाचे मोल. कचोरी या वर्गात बसत नाही. ती कोणी देवापुढे ठेवत नाही. तिचा लौकिक पसरला तो हावडा-मुंबई मार्गावरून नुसत्या जाणाऱ्या लोकांमुळे. भक्त परतताना पुडा बांधून नेतात हे खरे, पण ती कीर्तीची फळे झाली. मूळ शोधायचे तर फलाटावरच जावे लागते.

आणि फलाटावरून डब्यात. टोपली घेऊन गाडीत चढायचे, पुढच्या स्थानकापर्यंत विकत जायचे, परतीच्या गाडीने यायचे, ही रीत रुळली आणि दोन मिनिटांची मर्यादा ओलांडली गेली. परवान्याशिवाय गाडीत माल विकणे हा १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १४४ खाली गुन्हा आहे. दंड आहे, कैदही होऊ शकते. तरी हाळी थांबलेली नाही. त्या हाळीत चवीचे वर्णन नसते, फक्त गावाचे नाव असते, आणि ते पुरते. नाव मोकळे असल्याने कोणीही ते उच्चारू शकतो. शेगाव मागे पडल्यावर विकली जाणारी प्रत्येक कचोरी शेगावचीच असेल, अशी खात्री कोण देणार? मूळ विक्रेत्याच्या दृष्टीने हा तोटाच. पण अप-डाऊन करणारे मास्तर आणि कारकून सोडले तर या गिऱ्हाइकाची पुन्हा गाठ पडेल ती महिन्यांनी, कदाचित वर्षांनी. अशा धंद्यात विक्रेत्याचा चेहरा लक्षात राहत नाही. गावाचे नाव तेवढे राहते आणि त्यावर सगळ्यांचीच भवानी होते.

आता पुण्या-नागपुरात शेगाव कचोरीच्या पाट्या दिसतात. तिथले गिऱ्हाईक हातगाडीपाशी उभे राहून, गप्पा मारत खाते. त्याला वेळ आहे. म्हणून तिथे बशी परत आली, कचोरी मधोमध फोडून तिच्यावर दही, चटणी, शेव पडू लागली, भावाच्या फलकावर चार प्रकार लिहिले गेले. बंद काचांच्या वातानुकूलित डब्यांमुळे शेगावच्या फलाटावरही खिडकीतून होणारा व्यवहार आटतो आहे. विक्रेते दाराशी गोळा होतात किंवा स्थानकाबाहेरच्या दुकानांवर भिस्त ठेवतात. तळलेल्या मिरचीने मात्र दोन्हीकडे आपली जागा सोडलेली नाही.